सज्ज्यातली हाक

ही गोष्ट मी कुठे ऐकलेली नाही. कोणाच्या मावसबहिणीच्या शेजारणीची पण नाही. माझ्यावर गुदरलेली आहे, आणि ज्याला थाप वाटेल त्याने खुशाल इथेच थांबावं. मला राग येणार नाही. थाप असती तर सगळ्यांत आधी मीच सुटकेचा श्वास सोडला असता.

आणखी एक सांगते. भुताची गोष्ट म्हटली की लोकांना मध्यरात्र लागते. घुबड लागतं. वीज गेलेली लागते.

इथे त्यातलं काही नाही.

भरदुपार होती. उन्हाळ्यातला मंगळवार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं, इतकं ऊन. जागा म्हणजे वस्तीबाहेरची, नदीपलीकडची जुनी मशीद. पाचशे वर्षांची. तिच्यात वर बायकांसाठी सज्जा आहे, तिथे मी एकटी बसले होते...

म्हणजे मला वाटत होतं, एकटी आहे.

पण मी तिथे कशी पोहोचले ते आधी सांगायला हवं.

मी शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत मशीन आहे, बाहेर पाटी आहे. आमचे हे पाथरवट. नवीन बांधकाम करत नाहीत, जुन्या इमारतींची डागडुजी करतात. निखळलेली कमान, फुटलेली जाळी, झिजलेली पायरी. "ह्याच्या हातात टाकी, हिच्या हातात टाका," असं आमच्या जाऊबाई म्हणतात. टाकी म्हणजे दगड घडवायची छिन्नी. टाका म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच.

माझा स्वभाव मत्सरी आहे. लपवून काय उपयोग? हे कोणा बाईशी दोन शब्द जास्त बोलले की माझ्या मशीनची टीप वाकडी जाते. जाऊबाई तर म्हणतात, "तुझा नवरा आरशात बघून हसला तरी तू आरशाच्या मागे जाऊन बघशील." बघेन. माझा नवरा आहे, मी बघेन नाहीतर कोण बघणार?

मग ते मशिदीचं काम आलं.

आणि आमच्या घरात 'ती' आली.

"तिचा घुमट बघशील तर मान दुखेपर्यंत बघत राहशील." "तिच्या कमानी काय नाजूक आहेत गं, दगडाच्या वाटतच नाहीत." "आज तिच्याकडेच थांबतो, काम अर्धं टाकवत नाही."

मशीद ती, हे मला कळतं. कमान ती, जाळी ती, इमारत ती. व्याकरण मीही शिकलेय. पण नवरा जेवता जेवता ताटातला हात थांबवून, कुठेतरी लांब बघत 'तिच्या'बद्दल बोलायला लागला की बायकोच्या कानात व्याकरण शिरत नाही.

एकदा जाऊबाई बसल्या असताना ह्यांचा फोन आला. मी विचारलं, "कुठे आहात?" पलीकडून आवाज आला, "तिच्याकडे आहे. आज नाही येत."

जाऊबाईंचा चहा हातातच राहिला.

"मशीद हो," मी म्हटलं. "मशीद."

"असं होय," त्या म्हणाल्या, आणि मग पदर तोंडाला लावून इतकं हसल्या की मला त्यांना घराबाहेर काढावंसं वाटलं. "पाचशे वर्षांची सवत! अगं, सवत आणावी तर निदान वयाने लहान तरी आणावी."

मला हसू आलं नाही.

कारण हे खरंच बदलले होते. घरी आले तरी घरात नसायचे. पोळी गुंडाळून हातात धरायची आणि टेबलावर बोटाने रेघा ओढत मला सांगायचं, की खाली खोली चौकोनी आणि वर घुमट गोल, मग चौकोनावर गोल बसवायचा कसा? तर चारही कोपऱ्यांत कमानी टाकून चौकोनाचा आठकोन करायचा. आठाचे सोळा. मग त्या सोळा कोनांवर गोल आपोआप बसतो. "जबरदस्ती नाही," हे म्हणायचे. "हळूहळू वळवत न्यायचं." माझ्याशी एवढ्या मायेने हे कधी बोलले होते ते मला आठवेना.

आणखी एक गोष्ट सांगितली होती. पुढे ती लागणार आहे, म्हणून नीट वाचा.

त्या घुमटाखाली कोणी कुजबुजलं तरी वर सज्ज्यात बसलेल्या बायकांना स्वच्छ ऐकू येतं. पण वरून कितीही मोठ्याने बोललं तरी खाली अक्षर पोहोचत नाही. बांधणाऱ्याने मुद्दाम तसं केलंय. खाली नमाजात व्यत्यय नको म्हणून.

"म्हणजे बायकांनी सगळं ऐकायचं आणि बायकांचं कोणी ऐकायचं नाही," मी म्हटलं. "त्यात त्याने नवीन काय केलं?"

हे हसले. पण तेही तिच्याकडे बघितल्यासारखे.

आता शर्टाकडे येते.

ह्यांचा निळा कामाचा शर्ट परांचीच्या बांबूला अडकून बाहीवर फाटला होता. फाटलेला मी स्वतः पाहिला होता. चांगला बोटभर. आठवड्याने हे घरी आले तेव्हा धुवायला टाकताना बाही हातात आली...

आणि फाटलेलं सापडेना.

उजेडात नेलं. तेव्हा दिसलं. रफू केलेलं होतं.

मी या धंद्यात आयुष्य घालवलंय. बाईचा टाका बघून मी बाई सांगते. कोण घाईत आहे, कोणाची नजर अधू झालीय, कोण रागात शिवते. पण हा टाका... कापडाचा धागा कुठे संपतो आणि रफूचा कुठे सुरू होतो ते बोटांना कळत नव्हतं. दोरा रिळातला नव्हता. हाताने पीळ दिलेला, कुठे जाड, कुठे बारीक. त्याला ओल्या चुन्याचा वास येत होता.

आणि हा टाका पुरुषाचा नव्हता. ते मला कोणी सांगायला नको.

माझ्या मनात भलतंच आलं. भुताबिताचं नाही हो. बाईचं.

"हा कोणी शिवला?" मी विचारलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

"कोणी म्हणजे? तूच." ह्यांनी बाहीवरून अंगठा फिरवला. "किती बारीक टाका आहे गं. हात छान बसलाय हल्ली तुझा."

लग्न झाल्यापासून ह्या माणसाने माझ्या शिवणाला कौतुकाचा एक शब्द म्हटला नव्हता. दिवाणखान्याचे पडदे मी शिवले, भावाच्या लग्नातला ह्यांचा कोट मी शिवला, त्यावर "बरा झालाय" म्हणाले होते. आणि आता कौतुक केलं ते दुसरीच्या टाक्याचं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी म्हटलं, "हो, मीच."

का म्हटलं? कारण 'मी नाही' म्हटलं असतं तर हे पुढे विचारणार होते, मग कोण? आणि ती कोण हे ह्यांना कळण्याआधी मला कळायला हवं होतं.

पुढच्या वेळी बटण. त्याच्या पुढच्या वेळी कफ. दर खेपेला तोच दोरा. तोच वास.

मग एका मंगळवारी मी दुकानाची पाटी उलटी केली, पिशवीत कात्री टाकली आणि बस धरली. कात्री का, म्हणून विचारू नका. शिवणाऱ्या बाईच्या पिशवीत कात्री असते. पण त्या दिवशी ती टाकताना मला बरं वाटलं होतं, हेही खरं.

मशिदीच्या दाराशी राखणदार बसला होता. म्हातारा, पांढरी दाढी, डोळे मिचमिचे. त्याला सगळे बाबाच म्हणतात. मी चपला काढल्या, डोक्यावरून पदर घेतला, आणि सरळ विषयाला हात घातला.

"बाबा, इथे बाई कोण येते?"

"बाई?" तो म्हणाला. "इकडे नमाजाला मोजकी माणसं येतात. बाई तर कित्येक वर्षांत नाही. सज्ज्याला कुलूप असतं. हल्ली ते मिस्त्री काम करतात म्हणून उघडतो."

"खोटं बोलू नका. माझ्या नवऱ्याचे कपडे इथे कोणीतरी शिवतंय."

मला वाटलं, तो हसेल. किंवा चिडेल.

त्याने एकदा वर पाहिलं.

मग हळू आवाजात म्हणाला, "शर्ट वर खुंटीला लावू नका, असं मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

ऊन मी म्हणत होतं. तरी मी पदर अंगाभोवती घट्ट ओढला.

"वर म्हणजे?"

"सज्ज्यात."

आणि त्याने मला जे सांगितलं, ते असं. ज्या सुलतानाने मशीद बांधून घेतली, त्याचं नाव दारावरच्या लेखात आहे. ज्या कारागिराने बांधली, त्याचं कुठेच नाही. त्याची बायको रोज दुपारी भाकरी घेऊन यायची. तो खायचा, पण बघायचा वर, कमानीकडे. मशीद जशी उंच होत गेली तसा तो घरी जायचा थांबला. मग बायकोच इथे येऊन बसायला लागली. सज्जा बांधून झाला होता. त्याला तीन जाळ्या बसवायच्या होत्या. ती आत बसून त्याचे कपडे शिवायची आणि जाळीतून त्याच्याकडे बघायची. हाका मारायची. खाली ऐकू जायचं नाही. तसं त्यानेच बांधलं होतं.

"दोन जाळ्या त्याने कोरल्या," बाबा म्हणाला. "तिसऱ्या जागी भरीव दगड बसवला. सारखं कोणीतरी बघतंय म्हणून त्याचा हात चुकायचा म्हणे. ती बसायची नेमकी त्याच तिसऱ्या जाळीपाशी."

"मग?"

"मग काय? ती तिथेच बसत राहिली. दगडाकडे तोंड करून. वर जाताना लोकांनी पाहिलं होतं. उतरताना कोणी पाहिलं नाही." त्याने किल्ली माझ्या हातात दिली. "दुसरे लोक सांगतात, तिसरी जाळी कोरताना दगडाला चीर गेली, म्हणून भरीव बसवला. तेही खरं असेल. मी काय, ऐकलेलं सांगतो."

त्या बाईची मला दया यायला हवी होती. आली नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. हिचा नवरा मेला असेल कधीचाच. माझ्याच्या शर्टाला हात लावायचं हिला काय कारण?

सज्ज्याचा जिना बाहेरून आहे. अरुंद, अंधारा. वर गेले.

लांबट खोली. जमिनीवर दोन जाळ्यांचा उजेड पडलेला, वेलबुट्टीचा. सुंदर होता, नाही म्हणत नाही. तिसऱ्या जागी भरीव दगड. त्याच्यावरचा जुना चुना ह्यांनी खरवडून काढला होता. आणि खुंटीला ह्यांचा निळा शर्ट.

शर्टाचा खिसा एका कोपऱ्यात उसवून लोंबत होता. हे मी जाताक्षणी पाहिलं. नीट पाहिलं. धंदाच तो आहे.

मग मी त्या तिसऱ्या दगडापाशी गेले.

चुन्याखालून दगडाचा जो भाग निघाला होता, त्यावर बारीक बारीक टोचे होते. ओळीने. सरळ रेषेत, एकसारख्या अंतरावर. टाकीचे नव्हते. टाकीचा घाव मी ओळखते.

सुईचे होते.

शेकडो. एकाखाली एक, एकाखाली एक... कापडात टाके घालावेत तसे दगडात. आणि सगळ्यांच्या मध्ये एक टोचा आरपार गेला होता. तळहातभर जाड दगडातून. त्यातून उजेडाचा एक ठिपका येत होता.

त्या भोकाच्या वर दगड झिजून गुळगुळीत झाला होता. थोडा खोलगट. मी बघायला वाकले, आणि माझं कपाळ त्या खळग्यात बरोब्बर बसलं.

दगड कोमट होता.

भोकातून सगळी मशीद दिसत नव्हती. घुमट नाही, मेहराबीचा कोनाडा नाही, खांब नाहीत. दिसत होती फक्त एक परांची, आणि तिच्यावर बसलेला माझा नवरा. तेवढाच. बनियनवर, केसांत दगडाची पूड. टाकी चालली होती. टक्... आणि घुमटातून, टक्. टक्... टक्. चेहऱ्यावर असं समाधान की मी कधी पाहिलं नव्हतं. स्वतःशी काहीतरी बोलत होते. खालचं वर ऐकू येतं, म्हटलं ना? शब्द न् शब्द ऐकू आला.

"किती वाट बघायला लावलीस गं," हे दगडाला म्हणत होते.

माझं डोकं फिरलं.

"अहो!" मी हाक मारली.

काही नाही. टक्... टक्.

"अहो!" जोरात.

टाकीचा आवाज घुमटातून परत येत होता. माझा येत नव्हता. तोंडातून निघत होता आणि कुठेतरी जिरत होता. मी तिसऱ्यांदा ओरडले, घसा फाटेल इतकी ओरडले. ह्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

मी दमून तिथेच, दगडाला कपाळ टेकून बसले. आणि रडायला आलं. रागाचं होतं, पण रडूच.

तेव्हा आवाज आला.

अगदी जवळून. कानाशी.

कट्.

हा आवाज तुम्हाला कदाचित कळणार नाही. मला कळतो. झोपेतही कळेल. शिवून झालं की आपण वाकतो आणि दोरा दातांनी तोडतो, तेव्हा येतो तो.

मी वळले नाही. वळवेना. डोळ्यांच्या कोपऱ्यातून खुंटी दिसत होती. शर्ट दिसत होता.

खिसा लोंबत नव्हता.

आणि मग माझ्या शेजारून, हळू, साखरेत घोळवल्यासारखं...

"अहो..."

घुमटाने ती हाक उचलली. अहो... अहो... अहो. सगळी मशीद भरून गेली. भोकातून मी पाहिलं. ह्यांचा हात थांबला. टाकी खाली ठेवली. मान वर केली, नेमकी या दगडाकडे, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"आलो गं," हे म्हणाले.

मी तीनदा ओरडले होते. तिने एकदाच, तेही हळू.

जिन्यावर ह्यांची पावलं वाजली तेव्हा मी उभी होते. कशी उठले, माहीत नाही. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. हे दारात आले, हात पुसत.

"अरे, तू! इथे कशी? तरी म्हटलं, एवढी गोड हाक कोणाची. काय झालं?"

"सहज," मी म्हटलं. "चला घरी."

"आत्ता? अगं, काम..."

"चला म्हटलं ना."

माझ्या तोंडाकडे बघून हे वळले. सवयीने शर्ट खुंटीवरून काढला, अंगात घातला, आणि खिशावर हात ठेवून म्हणाले, "हा पण शिवलास होय? बरं झालं." मला तो शर्ट तिथेच टाकून द्यायला सांगायचं होतं. पण मला त्या खोलीत एक शब्दही जास्त बोलायचा नव्हता. कोण ऐकत होतं, कोणास ठाऊक.

त्या रात्री घरी आमचं मोठं भांडण झालं. ती की मी, असं मी सरळ विचारलं. हे आधी हसले. मग मी हसत नाही हे पाहून गंभीर झाले. म्हणाले, "अगं, दगड आहे तो." मी म्हटलं, "म्हणूनच तर. दगडासाठी मला सोडताय." शेवटी हे म्हणाले, "ठीक आहे. नाही जात."

आणि नाही गेले. शब्दाला पक्के आहेत. मशिदीचं उरलेलं काम दुसऱ्या कोणाला मिळालं. हे आता स्वयंपाकाचे ओटे बसवतात, उंबरे घडवतात. संध्याकाळी वेळेवर घरी असतात. हात मांडीवर ठेवून बसतात. जाऊबाई म्हणतात, "जिंकलीस बाई!"

मलाही वाटलं, जिंकले.

पण शर्ट आमच्याबरोबर आला होता.

मी तिचे टाके उसवायला बसले. कात्रीच्या टोकाने एकेक टाका तोडला. दोरा निघाला... फाटलेलं उघडलं नाही. कापड तसंच जुळलेलं राहिलं. मग शर्ट भंगारवाल्याला दिला. संध्याकाळी हे तोच शर्ट खांद्यावर टाकून घरी. "माझा चांगला शर्ट कोणी दिला गं? नशीब, वाटेत दिसला."

नंतर एका दुपारी आम्ही समोरासमोर जेवत होतो. मी ह्यांना भाजी वाढत होते. ह्यांनी अचानक मान वळवली, आतल्या खोलीकडे.

"आलो गं," म्हणाले, आणि उठले.

मी समोर बसले होते. माझ्या हातात डाव होता.

"कुठे निघालात?"

हे दचकले. माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "तू हाक मारलीस ना?" म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले. "भास झाला."

तेव्हा मला चूक उमगली. 'अहो' हे काय नाव आहे? जगातली कुठलीही बायको कुठल्याही नवऱ्याला 'अहो' म्हणते. ती हाक माझी नव्हतीच. मी इतकी वर्षं तीच हाक मारत आले होते, जी कोणीही मारू शकतं.

दुसऱ्या दिवसापासून मी ह्यांना नावाने हाक मारायला लागले.

जाऊबाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "हे काय नवीन? या वयात!" हे सुद्धा पहिल्यांदा लाजले. मग आवडलं ह्यांना. नावाने हाक मारली की पटकन बघायचे, पहिल्यासारखे. आतल्या खोलीकडे मान वळायची थांबली. किती दिवसांनी मला झोप लागली.

तुमच्या लक्षात आलं असेल, ह्या गोष्टीत मी कोणाचंच नाव लिहिलेलं नाही. ना माणसाचं, ना जागेचं. त्याचं कारण हे. एक नाव लपवायचं तर सगळी लपवलेली बरी. ते नाव मी लिहिणार नाही. पुढे पुढे घरात मोठ्याने घ्यायचेही नाही. ह्यांच्या अगदी जवळ जाऊन, हळू घ्यायचे. ती एकच गोष्ट फक्त माझी होती.

होती.

आमच्या धंद्यात कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून गिऱ्हाइकाचं नाव कॉलरच्या आतून लिहून ठेवतात. घरच्या कपड्यांवर मी कधी लिहीत नाही. गरजच काय?

परवा ह्यांचा निळा शर्ट घडी घालत होते. कॉलर बोटांना जरा खरखरीत लागली. उलटी केली...

आतून ह्यांचं नाव शिवलेलं होतं. पूर्ण. बारीक, नितळ टाक्यात. मला जन्मात जमणार नाही इतक्या सुंदर टाक्यात. दोरा कुठे जाड, कुठे बारीक. चुन्याचा वास.

मी ती घडी तशीच कपाटात ठेवली. जाऊबाईंना काय सांगू? त्या हसतील.

काल संध्याकाळी स्वयंपाकघरात डबा वरच्या फळीवरून काढायचा होता. माझा हात पोहोचेना. हे बाहेरच्या खोलीत नुसते बसले होते. मी नावाने हाक मारली.

ऐकू गेलं नाही.

पुन्हा मारली. मोठ्याने. स्वयंपाकघरात भांड्यांवर आवाज आपटला की घणघणतो. काल घणघणला नाही. तोंडातून निघाला आणि कुठेतरी जिरला.

मी तिसऱ्यांदा मारली नाही. नुसती उभी राहिले, ओट्याला धरून.

थोड्या वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ह्यांचा आवाज. इतका मायेचा.

"आलो गं."

पावलं वाजली. स्वयंपाकघराच्या दारावरून पुढे गेली, आणि हे आतल्या खोलीत गेले.